लाल उकड, धुक्यातलं शहर आणि एक 'निरुपद्रवी' जंतू

आजचा भाग एका लॅब रिपोर्टपासून सुरू करतो.

दोन वर्षांपूर्वी बाबांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन नीट पार पडलं, पण चौथ्या दिवशी त्यांना हुडहुडी भरून ताप आला. लघवी कल्चरला पाठवली. रिपोर्टची पीडीएफ माझ्या फोनवर आली, त्यात जंतूचं नाव होतं सेरेशिया मार्सेसेन्स. खाली अँटिबायोटिक्सची यादी आणि बऱ्याच नावांपुढे 'रेझिस्टंट'. डॉक्टर म्हणाले, "पाण्यात, मातीत असतो हा. एरवी काही करत नाही. कॅथेटर असला की आत शिरायला वाट मिळते." औषध बदललं, बाबा बरे झाले. मी मात्र त्या रात्री वॉर्डबाहेरच्या बाकड्यावर बसून ते नाव शोधत राहिलो. 'एरवी काही करत नाही' या तीन-चार शब्दांना दोनशे वर्षांचा इतिहास आहे, हे तेव्हा कळलं.

तर चला, 1819 सालच्या उन्हाळ्यात. इटलीत पादुआजवळ लेन्यारो नावाचं गाव. तिथल्या शेतकऱ्यांचं रोजचं जेवण म्हणजे पोलेंटा. आपल्या भाषेत सांगायचं तर मक्याच्या पिठाची घट्ट उकड. अंतोनियो पित्तारेल्लो नावाच्या शेतकऱ्याच्या घरात रात्रीच्या उरलेल्या पोलेंटावर लालभडक ठिपके उमटले. अगदी रक्त शिंपडल्यासारखे. नंतर आणखी घरांत तेच. झालं, गावभर चर्चा सुरू. सैतानाचं काम, कुणाच्या तरी पापाचं फळ, वगैरे वगैरे.

पादुआत तेव्हा बार्तोलोमेओ बिझिओ नावाचा औषधशास्त्राचा तरुण अभ्यासक होता. त्याने साधा प्रयोग केला. ताजा पोलेंटा उबदार, दमट जागी ठेवला, आणि तो लाल झाला. त्याने निष्कर्ष काढला की ही जिवंत गोष्ट आहे, वाढते आणि पसरते. लुई पाश्चरचा जन्म व्हायला अजून तीन वर्षं होती, हे लक्षात घ्या! बिझिओला ती बुरशी वाटली, तेवढं चुकलं. 1823 मध्ये त्याने तिचं नाव ठेवलं. 'सेरेशिया' हे सेराफिनो सेराती या इटालियन संशोधकाच्या आठवणीसाठी. वाफेच्या बोटीचं श्रेय सेरातीला मिळायला हवं होतं, असं बिझिओचं मत होतं. 'मार्सेसेन्स' म्हणजे कोमेजणारं, कारण तो लाल रंग लवकर विटायचा.

आता गंमत बघा. हा जंतू जगाला पहिल्यांदा दिसला तो अन्न नासवणारा म्हणून. पण शास्त्रज्ञांना त्यात वेगळीच सोय दिसली. तो सहज वाढतो, कुठेही सापडतो आणि लाल असल्यामुळे नुसत्या डोळ्यांनी ओळखू येतो. आपण कोडमध्ये जागोजागी प्रिंट स्टेटमेंट टाकतो ना, डेटा कुठून कुठे जातोय ते बघायला? तसा हा जंतू वापरला जाऊ लागला. 1906 मध्ये गॉर्डन नावाच्या ब्रिटिश संशोधकाने या जंतूच्या पाण्याने गुळण्या केल्या आणि ब्रिटनच्या संसदेच्या रिकाम्या सभागृहात शेक्सपिअरचे उतारे म्हटले. बोलताना उडालेले जंतू किती लांब जातात हे बघायला सभागृहात ठिकठिकाणी प्लेट्स मांडल्या होत्या. पुढे 1930 च्या दशकात हाच जंतू रुग्णांच्या हिरड्यांना लावून, दात काढल्यावर तो रक्तात जातो का, हेसुद्धा तपासलं गेलं.

हे सगळं कशाच्या भरवशावर? तर हा निरुपद्रवी आहे, या गृहीतकावर. खरं तर 1913 मध्येच लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात याच्यामुळे माणसाला झालेल्या संसर्गाची नोंद छापून आली होती. ती अपवाद म्हणून बाजूला पडली. आमच्याकडे एखादी वॉर्निंग रोज लॉगमध्ये दिसते, कुणीतरी म्हणतं 'इग्नोर कर, नेहमीचीच आहे', आणि मग पाच वर्षं ती कुणी उघडून बघत नाही. तसंच.

आता येऊ सॅन फ्रान्सिस्कोला. सप्टेंबर 1950. कोरियाचं युद्ध नुकतंच पेटलेलं. शत्रूने समुद्रातून जंतू फवारले तर किनाऱ्यावरच्या शहराचं काय होईल, हे अमेरिकन लष्कराला तपासायचं होतं. म्हणून त्यांनी स्वतःच्याच शहरावर जंतू फवारले! किनाऱ्यालगतच्या नौदलाच्या जहाजावरून जवळपास आठवडाभर सेरेशियाचे आणि आणखी एका जातीच्या जंतूचे ढग सोडले गेले. मोजणीसाठी 43 ठिकाणी यंत्रं लावली होती. लष्कराचा अंदाज असा की शहरातल्या जवळपास 8 लाख लोकांपैकी बहुतेक प्रत्येकाच्या श्वासात हजारो कण गेले. त्या लोकांना कुणीही काहीही सांगितलं नाही.

ऑक्टोबरमध्ये तिथल्या स्टॅनफर्ड हॉस्पिटलमध्ये सेरेशियाचा संसर्ग झालेले रुग्ण दिसू लागले. एकूण अकरा. त्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी असं आधी पाहिलंच नव्हतं. एडवर्ड नेविन हे त्यातले एक. वय 75, निवृत्त पाइप-फिटर, प्रोस्टेटचं ऑपरेशन झालेलं. जंतू त्यांच्या हृदयाच्या झडपेपर्यंत पोचला आणि ते गेले. डॉक्टरांनी 1951 मध्ये यावर शोधनिबंध लिहिला. फवारणीची त्यांनाही कल्पना नव्हती. ते गुपित फुटलं 1976 मध्ये, एका वर्तमानपत्रातून. पुढच्या वर्षी सिनेटसमोर लष्कराने कबूल केलं की 1949 ते 1969 या काळात अशा 239 खुल्या चाचण्या झाल्या होत्या.

बाकड्यावर बसून हे वाचताना माझा हात थांबला. प्रोस्टेट, कॅथेटर, तोच जंतू.

पण मंडळी, इथे घाई नको. नेविन कुटुंबाने सरकारवर खटला भरला. नातू स्वतः वकील होता. 1981 मध्ये ते हरले. फवारलेला जंतू आणि रुग्णांमधला जंतू एकच होता, हे सिद्ध झालं नाही. लष्कराच्या बाजूने एक मुद्दा होता आणि तो वजनदार आहे. सगळे रुग्ण एकाच हॉस्पिटलमधले होते. धुक्यातून आला असता तर शहरातल्या इतर हॉस्पिटलांतही दिसला असता. म्हणजे कदाचित तो वॉर्डातल्याच पाण्यातून, उपकरणांतून आला असेल.

आणि हे तर मला जास्तच गंभीर वाटतं. जहाजाचा दोष नसेल, तर याला जहाज लागतच नाही, असा त्याचा अर्थ.

आणखी एक गोष्ट. रुग्णांमध्ये सापडणाऱ्या सेरेशियाच्या बऱ्याच जाती लाल नसतातच. त्या बिनरंगी असतात. इतकी वर्षं लोक लाल ठिपके शोधत होते आणि हा बिनरंगी होऊन समोरून जात होता.

नंतरची उदाहरणं पटकन सांगतो. 2004 मध्ये लिव्हरपूलच्या एका कारखान्यात फ्लूच्या लसीत सेरेशिया सापडला आणि अमेरिकेचा त्या हिवाळ्याचा जवळपास अर्धा साठा गेला. 2011 मध्ये अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात शिरेतून द्यायच्या पोषक द्रवात हाच जंतू शिरला. 19 रुग्णांना संसर्ग झाला, त्यातले 9 दगावले. माग काढत गेल्यावर तो द्रव बनवणाऱ्या फार्मसीतल्या नळापर्यंत पोचला. साध्या पाण्याच्या नळापर्यंत!

मग घाबरायचं का? नाही. बाथरूमच्या कोपऱ्यात, नळाच्या तोटीभोवती गुलाबी बुळबुळीत थर दिसतो ना, त्यात बऱ्याचदा हा असतो. प्रत्येक गुलाबी थर याचाच असतो असं नाही. घासून टाका, कोरडं ठेवा. कॉन्टॅक्ट लेन्स नळाच्या पाण्याने धुऊ नका, कारण डोळ्यातही हा संसर्ग करतो. शिळ्या भातावर, ब्रेडवर लाल-गुलाबी डाग दिसले तर तेवढा भाग काढून बाकीचं खाऊ नका, सगळं फेका. आणि घरातलं कुणी हॉस्पिटलात असेल, कॅथेटर लावलेला असेल, तर रोज एक प्रश्न विचारा, "डॉक्टर, आज हा काढता येईल का?" मी तो विचारला नव्हता, कारण विचारायचा असतो हे मला माहीतच नव्हतं.

'निरुपद्रवी' हा शब्द अर्धाच आहे. कुणासाठी आणि कुठे, हे पुढे लिहिल्याशिवाय तो पूर्ण होत नाही. फरशीवर निरुपद्रवी, पण ऑपरेशन झालेल्या माणसाच्या नळीत नाही. बिझिओने रंग बघितला आणि 'हे काय आहे' असं विचारलं. त्याच्यानंतरच्या बऱ्याच जणांनी रंग बघितला आणि विचारणंच सोडून दिलं.

बाबा आता ठणठणीत आहेत. हा भाग त्यांना ऐकवला, तर म्हणाले, "एवढं सगळं त्या एका रिपोर्टवरून?" हो बाबा, त्या एकाच रिपोर्टवरून.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि बाथरूमचा तो कोपरा आज घासून टाका!