मिठासाठी घडलेले पटल

पाण्यातील औषधांचे अंश, संप्रेरके आणि औद्योगिक द्रावके यांना आज ‘उदयोन्मुख प्रदूषके’ म्हणतात; पण त्यांना अडवणारे पटल मुळात घडवले गेले ते खारे पाणी गोडे करण्यासाठी. १९५० च्या दशकात फ्लोरिडा विद्यापीठात चार्ल्स रीड यांनी सेल्युलोज ॲसिटेटचे पटल मीठ अडवते हे दाखवले होते, मात्र त्यातून पाणी जेमतेम पाझरत असे. १९६० च्या सुमारास लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी ही अडचण दूर केली. ॲसिटोनमध्ये विरघळवलेले सेल्युलोज ॲसिटेट त्यांनी काचेवर पसरले, बर्फगार पाण्यात बुडवले आणि नंतर गरम पाण्यात ठेवले; त्यातून वर अतिशय पातळ, घट्ट थर आणि खाली त्याला आधार देणारा सच्छिद्र थर असलेले पटल तयार झाले. दाब देऊन अशा पटलातून पाणी पार करण्याच्या क्रियेला प्रतिपरासरण म्हणतात. घरोघरी ती ‘आरओ’ या नावाने परिचित आहे. पूर्वी रेल्वेने पिण्याचे पाणी आणणाऱ्या कोआलिंगा या कॅलिफोर्नियातील गावात १९६५ मध्ये तिचा पहिला सार्वजनिक प्रयोग झाला.

त्याच राज्यातील ऑरेंज काउंटीत अतिउपशामुळे भूजलात समुद्राचे पाणी शिरू लागले होते. ते थोपवण्यासाठी ‘वॉटर फॅक्टरी २१’ या प्रकल्पातून १९७६ पासून शुद्ध केलेले सांडपाणी किनाऱ्यालगतच्या विहिरींतून जमिनीत सोडण्यात येऊ लागले, आणि लवकरच त्याच्या शुद्धीकरणात प्रतिपरासरणाची भर पडली. अपेक्षा होती ती क्षार कमी होण्याची. मोठ्या रेणूंची बहुतेक औषधेही पटलाआड राहतात, हा त्यातून झालेला मोलाचा लाभ होय.

तथापि २००० साली तेथील पाण्यात एनडीएमए हे कर्करोगकारक असण्याची दाट शक्यता असलेले संयुग आढळले आणि पटलाची मर्यादा उघड झाली. एनडीएमएचा रेणू लहान व विद्युतभाररहित असल्याने तो पाण्याबरोबर बऱ्याच प्रमाणात पलीकडे जातो. शिवाय क्लोरामाइनने निर्जंतुकीकरण करताना तो नव्याने तयारही होतो. १,४-डायऑक्सेन या द्रावकामुळे चिंता आणखी वाढली. म्हणून जानेवारी २००८ मध्ये जुन्या प्रकल्पाची जागा घेणाऱ्या, रोज सुमारे २६.५ कोटी लिटर क्षमतेच्या केंद्रात सूक्ष्मगाळण आणि प्रतिपरासरण यांच्यापुढे तिसरी पायरी जोडली गेली: अतिनील किरण एनडीएमए फोडतात, तर हायड्रोजन पेरॉक्साइडपासून निर्माण होणारी क्रियाशील मूलके डायऑक्सेनचे विघटन करतात. २०२३ मध्ये ही क्षमता सुमारे ४९ कोटी लिटरांवर गेली.

या यशाच्या वर्णनात एक बाब अनेकदा मागे पडते, ती अशी की पटल प्रदूषके नष्ट करीत नाही, केवळ वेगळी काढते. प्रतिपरासरणासाठी येणाऱ्या पाण्यापैकी सुमारे १५ टक्के पाणी, अडवलेले क्षार आणि प्रदूषके यांसह, नळावाटे पॅसिफिक महासागरात सोडले जाते.