शिदोरीतला मेद

जूनचा पाऊस लागला की पिरंगुटच्या भातखाचरांत आणि डबक्यांत मायक्रोहायला ओर्नाटा या इवल्या बेडकाची अंडी पाण्यावर तरंगू लागतात. पुण्याच्या भ्रूणशास्त्रज्ञांनी याच जातीवर पुष्कळ प्रयोग केले. त्या अंड्यातल्या मेदाची गोष्ट मात्र डबक्यापासून फार दूर जाते.

ज्यांनी कॉलेजात बेडूक चिरला आहे, त्यांना मूत्रपिंडांजवळची पिवळी, बोटांसारखी मेदपिंडं आठवत असतील. अंड्यातला बराचसा मेद मात्र मादीच्या यकृतात घडलेल्या व्हिटेलोजेनिन या प्रथिनासोबत रक्तातून येतो आणि पीतकात साठतो. पिल्लू स्वतः खायला लागेपर्यंत हीच त्याची शिदोरी. सुरुवातीला अंडं वाढत नाही, नुसतं विभागत जातं. झेनोपस या आफ्रिकी बेडकात बारा विभाजनांत सुमारे 4,000 पेशी होतात. प्रत्येक पेशीला फॉस्फोलिपिड या मेदाचं आवरण लागतं आणि त्याचा माल आईनेच भरून ठेवलेला असतो.

पण हा मेद केवळ अन्न आणि आवरणच का? 1924 मध्ये भ्रूणशास्त्रज्ञ श्पेमान आणि हिल्डे मांगोल्ड यांनी न्यूट या शेपटीवाल्या उभयचराच्या भ्रूणातला एक तुकडा दुसऱ्या भ्रूणात बसवला आणि तिथे दुसरं शरीर उभं राहू लागलं. 1932 मध्ये कळलं की मेलेला तुकडाही काही प्रमाणात हेच करतो. म्हणजे कारण एखादं रसायन असणार! केंब्रिजमध्ये नीडहॅम आणि वॉडिंग्टन या संशोधकांनी ईथरमध्ये विरघळणाऱ्या, स्टेरॉलसारख्या मेदी पदार्थावर संशय घेतला. 1936 मध्ये मात्र मेथिलीन ब्लू या साध्या रंगानेही तोच परिणाम दिसला आणि संशय ढासळला. माझ्या मते ही हार मोलाची होती. भ्रूणाच्या पेशी आधीपासूनच तयार असतात, केवळ इशाऱ्याची वाट पाहतात, हे तिने दाखवलं.

याच वॉडिंग्टन यांच्याकडे एडिंबरात लीला मुल्हेरकर शिकल्या. कोंबडीच्या भ्रूणातल्या याच प्रश्नावर दोघांनी मिळून 1957 मध्ये लिहिलं. पुढे पुणे विद्यापीठात मुल्हेरकरांनी प्रायोगिक भ्रूणशास्त्र रुजवलं.

इशारे देणारी प्रथिनं नंतर सापडली. 1992 मध्ये नॉगिन, 1994 मध्ये कॉर्डिन. मेदही परतला, वेगळ्या वाटेने. भ्रूणाची पाठ कुठली हे ठरवण्यात व्हिंट प्रथिनांचा वाटा मोठा असतो, आणि 2003 मध्ये दिसलं की त्यांना मेदाम्ल जोडलेलं असतं. ते नसलं, तर व्हिंटचा संदेश पोचत नाही.