बांधावरची मोजणी आणि वलंदेजांचे 'मेतन'

अमडापूरच्या (ता. चिखली, जि. बुलढाणा) शिवारात बांधाचा वाद पेटला की "सरकारी मोजणी आणा" असे म्हणतात. 'मापणी' मात्र कोणी आणत नाही. शेत मोजायचे, धान्य मापायचे, हा भेद मराठीत पक्का आहे.

'मापणे'चे मूळ संस्कृत 'मा' धातूत. त्याला प्रयोजकाचा 'प' जोडून 'मापयति' झाले, जसे 'स्था'चे 'स्थापयति'. प्राकृतात दोन स्वरांमधला 'प' झिजून 'व' होतो. त्यातूनच ज्ञानेश्वरीच्या मराठीतले 'मवणे' आले. मग आजच्या 'मापणे'त 'प' कसा उरला? एक तर तो संस्कृतातून पुन्हा उचलला गेला, नाहीतर 'माप्य'सारख्या जोडाक्षराच्या आडोशाने वाचला. अस्सल झिजलेले 'मवणे' मात्र बोलीतून गेले. टोपलीत भाकरी 'मावते', तेवढे त्याचे भावंड घरात आहे.

सतराव्या शतकात वेंगुर्ल्याला वखार घालून बसलेल्या वलंदेजांच्या, म्हणजे डचांच्या, भाषेत मोजणे म्हणजे 'मेतन'. त्याची रूपे पाहा: भूतकाळी एकवचन 'मत', अनेकवचन 'मातन', कृदंत 'खमेतन'. प्रत्ययापेक्षा आतला स्वरच काळ सांगतो. हे 'मेतन' म्हणजे आपली 'मात्रा'च, असे वाटणे साहजिक आहे. पण ध्वनिनियम आड येतो. आपल्या 'द'चा डचमध्ये 'त' होतो ('द्वि'चा 'त्वे') आणि 'त'चा 'द' ('त्रि'चा 'द्री'). म्हणून 'मेतन'चे मूळ 'मेद्'. लॅटिनमधले 'मोदुस' (प्रमाण) त्याच कुळातले. अगदी तळाशी 'मेद्' आणि 'मा' एक असावेत, असे काही अभ्यासक मानतात. आपल्या 'मा'चे खरे डच वंशज आहेत 'मान' (चंद्र) आणि 'मान्त' (महिना, आपला 'मास'). काळही मोजलाच जातो ना!

१८६० च्या दशकात वऱ्हाडात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी सुरू झाली. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. साखळीचा चौरस म्हणजे १,०८९ चौरस फुटांचा गुंठा. ४० गुंठ्यांचा एकर. गंमत अशी की इंग्रजांबरोबर आलेला हा 'एकर', डच 'अकर' (शेत) आणि ऋग्वेदातला 'अज्र' (मैदान, शेत) एकाच मुळाचे. 'अज्' म्हणजे हाकणे. बहुतेक विद्वानांच्या मते मूळ अर्थ गुरे हाकण्याचे मोकळे रान. त्या रानाला बांध नव्हता.