तीन सेंटांची सही

१९३५ सालच्या जून महिन्यात अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातील डेनिस ड्रिस्कॉल नावाच्या सभासदाच्या टेबलावर तारांचा खच पडू लागला. वीज कंपन्यांच्या मक्तेदारीला लगाम घालणारे एक बिल त्या वेळी सभागृहापुढे होते, आणि ‘या बिलाच्या विरुद्ध मत द्या’ एवढाच त्या तारांचा आशय होता. तारा येत होत्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या वॉरेन नावाच्या लहानशा गावाहून. म्हणजे ड्रिस्कॉलच्याच मतदारांकडून. मतदार इतके कळवळून सांगत आहेत म्हटल्यावर कोणताही पुढारी विरघळला असता. पण या गृहस्थाची नजर नावांवर गेली. बहुतेक आडनावे वर्णमालेच्या पहिल्या काही अक्षरांचीच! वॉरेनमध्ये पुढच्या अक्षरांची माणसे राहत नाहीत की काय? त्याने त्यांतल्या काहींना उलट विचारणा केली. उत्तर आले, आम्ही कसली तार केलेली नाही.

वर्गात हजेरी घेताना एकाच आवाजात दोनदा ‘हजर’ ऐकू आले की मास्तर वहीतून मान वर करतो. ड्रिस्कॉलने नेमके तेच केले. पुढे सेनेटर ह्यूगो ब्लॅक यांच्या समितीने चौकशी आरंभली, तेव्हा तार कंपनीचा एक एकोणीस वर्षांचा निरोप्या साक्षीला उभा राहिला. त्याने सांगितले की, वीज कंपनीच्या माणसाकडून आपल्याला सहीमागे तीन सेंट मिळत. गावच्या नामावलीतली नावे तर फुकटच होती. तारांच्या मूळ प्रती तारघराच्या तळघरात जाळून टाकल्याचेही उघडकीस आले. एवढे सारे होऊन बिल थोडे मवाळ झाले, पण ऑगस्टमध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांची सही होऊन त्याचा कायदा झालाच.

आपल्याकडे तारखाते २०१३ च्या जुलैत बंद झाले. परंतु ज्यांनी तो काळ पाहिला आहे, त्यांना तारवाल्याची सायकल दारात थांबली म्हणजे घरात कशी धडकी भरे, हे सांगायला नको. शब्दाशब्दाला पैसे मोजून माणूस बोलतो, तेव्हा तसेच काही कारण असणार, असे आपण धरून चालत असू. तारेचे वजन होते ते यामुळे. वीज कंपनीने चोरले ते हे वजन.

हे प्रकरण उकरून काढायचे कारण असे की, ब्याऐंशी वर्षांनी त्याच देशात हीच गोष्ट पुन्हा घडली; फक्त शेकड्यांच्या जागी कोटी आले.

मधल्या काळात अमेरिकेत एक चांगला कायदा झाला होता. १९४६ सालच्या त्या कायद्यान्वये सरकारी खात्याने नवा नियम करण्याआधी तो जाहीर करावा, लोकांचे म्हणणे मागवावे आणि त्याचा विचार करूनच निर्णय घ्यावा, असे ठरले. शेतकऱ्याने, शिक्षकाने, दुकानदाराने सरकारला दोन ओळी लिहाव्यात आणि सरकारने त्या वाचाव्यात, ही कल्पनाच मोठी लोभस आहे. आपल्या जुन्या महजरांची इथे आठवण होते. गावचा वतनाचा तंटा गोतापुढे तुटे, तेव्हा निवाड्याच्या कागदावर पाटील नांगराची निशाणी करी. त्याला लिहिता येत नसेल, पण ती निशाणी त्याचीच आहे याविषयी गावात कुणाला शंका नसे. समोर बसलेल्या माणसाचे नाव चोरणार कोण?

२०१७ साली अमेरिकेच्या दळणवळण आयोगापुढे प्रश्न होता इंटरनेटचा. पाटाचे पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याने कुणाच्या शेताला आधी आणि कुणाच्या मागून, हे आपल्या मर्जीने ठरवू नये. तसेच घरोघर इंटरनेट पोचवणाऱ्या कंपन्यांनी कुणाचा मजकूर वेगाने सोडायचा आणि कुणाचा रखडत ठेवायचा, हे ठरवू नये, असा नियम आयोगाने २०१५ साली केला होता. तो आता रद्द करावयाचा होता. आयोगाचे अध्यक्ष होते भारतीय वंशाचे अजित पै. रिवाजाप्रमाणे लोकांचे म्हणणे मागवले गेले, आणि आली किती? सुमारे २ कोटी २० लाख निवेदने!

लोकशाहीचा केवढा हा उत्सव, असे वाटावे. पण लवकरच माणसे तक्रारी करू लागली: माझ्या नावावर, माझ्या पत्त्यानिशी जे छापले आहे ते मी लिहिलेलेच नाही. मृतांचीही नावे सापडली. २०१८ साली जेफ मर्कली आणि पॅट टूमी या दोन सेनेटरांनी, आणि तेही परस्परविरोधी पक्षांच्या, आपलीही नावे कुणी तरी वापरल्याचे आयोगाला लिहून कळवले.

न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांनी याचा छडा लावला. २०२१ च्या मे महिन्यात त्यांचा अहवाल आला. जवळजवळ १ कोटी ८० लाख निवेदने बनावट! त्यांतली सुमारे ८५ लाख नियम रद्द करा म्हणणारी होती, आणि त्या मोहिमेचा पैसा इंटरनेट पुरवणाऱ्या धंद्यातून आलेला होता. निवेदने जमवण्यावर ४२ लाख डॉलर खर्च झाले होते. जमवण्याचे काम ज्या कंपन्यांना दिले, त्या बक्षिसांची आणि भेटकार्डांची लालूच दाखवून लोकांची नावे गोळा करणाऱ्या. यांनी लोकांना विचारण्याचीही तसदी घेतली नाही. याद्या होत्याच, त्यांतली नावे उचलली आणि संमती मिळाली म्हणून ठोकून दिले. पैसा पुरवणाऱ्या बड्या कंपन्यांना ही लबाडी प्रत्यक्ष ठाऊक होती, असा पुरावा मिळाला नाही, हेही अहवालातच आहे. ते खरे असेल. पण इतक्या स्वस्तात इतके लोकमत कसे येते, हा प्रश्न त्यांना पडला नाही खरा.

उलट बाजूही धुतल्या तांदळाची नव्हती. नियम ठेवा म्हणणाऱ्या ७७ लाख बनावट निवेदनांचा कर्ता एकच निघाला: कॅलिफोर्नियातला कॉलेजचा विद्यार्थी, वय वर्षे एकोणीस! वॉरेनच्या त्या पोराइतकेच. त्याला सहीमागे सेंटही मिळाला नाही. नावे आणि पत्ते यंत्रानेच रचले, यंत्रानेच पाठवले. हेतू चांगला असेल, परंतु खऱ्या माणसांचा आवाज त्यानेही तितकाच बुडवला.

आपल्याकडेही २०१५ च्या डिसेंबरात याच जातीचा प्रसंग आला. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, इंटरनेटच्या वेगवेगळ्या दरांविषयी चार प्रश्न लोकांना विचारले. फेसबुकने आपल्या ‘फ्री बेसिक्स’ योजनेच्या पाठिंब्याचा मजकूर तयार करून ठेवला; बटण दाबले की पत्र रवाना. लाखोंनी ती पोचली. इथे माणसे खरी होती, शब्द तेवढे उसने. ट्रायने मात्र स्पष्ट बजावले की, आम्ही विचारलेल्या प्रश्नांची ही उत्तरे नव्हेत. २०१६ च्या ८ फेब्रुवारीला निर्णय या योजनेच्या विरुद्ध गेला. कुणी तरी मान वर करून पाहिले होते.

वॉशिंग्टनला तसे झाले नाही. न्यूयॉर्कचे महाधिवक्ते कित्येक महिने आयोगाकडे नोंदी मागत राहिले, त्या मिळाल्या नाहीत. मतदान पुढे ढकला, ही मागणीही फेटाळली गेली. १४ डिसेंबर २०१७ रोजी तीन विरुद्ध दोन मतांनी नियम रद्द झाला. (२०२४ साली तो पुन्हा आणला गेला आणि २०२५ च्या जानेवारीत न्यायालयाने उडवला, ती कथा निराळी.) आयोगाचे म्हणणे असे की, आम्ही निवेदने मोजत नाही, त्यांतले मुद्दे पाहतो. कायद्याने हे बरोबरच आहे. पण मग ज्या लाखो माणसांनी खरोखरच रात्री जेवणे आटोपल्यावर बसून दोन ओळी लिहिल्या, त्यांना काय सांगायचे?

नावे वापरणाऱ्या तीन कंपन्यांना ४४ लाख डॉलर भरावे लागले, आणि २०२३ साली आणखी तीन कंपन्यांना ६ लाख १५ हजार. ज्यांची नावे चोरीला गेली होती, त्यांनी ती निवेदने काढून टाका म्हणून आयोगाला विनवले होते. त्यावर आयोगाने सुचवलेला उपाय असा: हे निवेदन माझे नाही, अशा आशयाचे आणखी एक निवेदन आपल्या नावाने पाठवावे.