ऑफिसच्या इंटरनेट फोनसाठी सॉफ्टवेअर निवडताय? आधी हे वाचा

समजा, तुमचं आठ जणांचं ऑफिस आहे. ग्राहकांकडे एकच नंबर आहे. फोन लावला की ‘नवीन कामासाठी १ दाबा, बिलाच्या चौकशीसाठी २ दाबा’ असं ऐकू येतं आणि कॉल योग्य टेबलावर जातो. पूर्वी यासाठी भिंतीवर ईपीएबीएक्सचा डबा बसवावा लागायचा आणि छोट्या बदलासाठीही टेक्निशियनला बोलवावं लागायचं. आता तेच काम एका साध्या कॉम्प्युटरवरचं किंवा क्लाउडवरचं सॉफ्टवेअर करतं. पण कोणतं घ्यायचं? यूट्यूबवर प्रत्येक जण आपलंच चांगलं म्हणतो. म्हणून आधी हा प्रकार काय आहे ते समजून घेऊ.

इंजिन वेगळं, डॅशबोर्ड वेगळा

या सिस्टिमचे दोन भाग असतात. कॉल जोडणारं इंजिन आणि ते चालवण्यासाठी आपल्याला दिसणारी स्क्रीन, म्हणजे मॅनेजमेंट सॉफ्टवेअर.

सगळ्यात प्रसिद्ध इंजिन म्हणजे ॲस्टरिस्क. अमेरिकेतल्या मार्क स्पेन्सर या तरुणाला आपल्या छोट्या कंपनीसाठी फोन एक्स्चेंज हवं होतं, पण ते परवडेना. म्हणून १९९९ मध्ये त्याने स्वतःच ॲस्टरिस्क लिहिलं आणि सगळ्यांसाठी खुलं केलं. ते फुकट आहे, पण त्याची सेटिंग्ज टेक्स्ट फाइलमध्ये लिहावी लागतात. सामान्य ऑफिसला हे जमणारं नाही. तिथे डॅशबोर्ड लागतो.

मुख्य पर्याय कोणते?

फ्रीपीबीएक्स: ॲस्टरिस्कवर चालतं. ब्राउझर उघडून एक्स्टेन्शन, स्वागताचा आवाज, ऑफिसच्या वेळा असं सगळं ठरवता येतं. मूळ सॉफ्टवेअर फुकट आहे, काही जादा मॉड्यूल विकत घ्यावी लागतात.

इसाबेल: हेसुद्धा ॲस्टरिस्कवरच चालतं. याची गोष्ट पुढे येते.

फ्यूजनपीबीएक्स: फ्रीस्विच या दुसऱ्या खुल्या इंजिनवर चालतं. एकाच सर्व्हरवर अनेक ऑफिसं सांभाळणाऱ्यांना जास्त उपयोगी. एका छोट्या ऑफिससाठी शिकायला जरा जड.

थ्रीसीएक्स: हे कंपनीच्या मालकीचं आहे. स्क्रीन सोपी, मोबाइल ॲप तयार मिळतं. पण लायसन्सच्या अटी कंपनी ठरवते आणि बदलूही शकते.

‘फुकट’ म्हणजे कायमचं नव्हे

इलॅस्टिक्स नावाचं ॲस्टरिस्कवर चालणारं खुलं सॉफ्टवेअर अनेक ऑफिसांत होतं. २०१६ च्या शेवटी ते थ्रीसीएक्सच्या हातात गेलं आणि पुढची आवृत्ती थ्रीसीएक्सवर आधारित झाली. जुन्या खुल्या कोडमधून काही लोकांनी इसाबेल उभं केलं. कोड खुला असल्याने वाट उरली, पण नव्या घरी जायची कटकट वापरणाऱ्यांनाच सोसावी लागली.

दुसरं उदाहरण फ्रीपीबीएक्सचं. त्याची १६ वी आवृत्ती सेंटओएस ७ वर चालायची. त्या ऑपरेटिंग सिस्टिमचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला. १७ वी आवृत्ती डेबियनवर आली. म्हणजे जुन्याचा बॅकअप घ्या, नवीन सर्व्हर उभा करा, त्यावर बॅकअप चढवा. हे काम कोण करणार, हे आधीच ठरलेलं असावं.

खरा धोका बिलाचा

इंटरनेटवर उघड्या पडलेल्या फोन सिस्टिम चोर सतत शोधत असतात. एक्स्टेन्शन १०१ आणि पासवर्डही १०१ असेल तर आत शिरायला वेळ लागत नाही. मग रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी तुमच्या लाइनवरून परदेशातल्या महागड्या नंबरांवर कॉल जातात. सोमवारी ऑफिस उघडेपर्यंत मोठं बिल तयार झालेलं असतं आणि ते येतं तुमच्याच नावावर.

पैसे दिले म्हणजे सुरक्षित, असंही नाही. मार्च २०२३ मध्ये थ्रीसीएक्सच्या डेस्कटॉप ॲपच्या अधिकृत अपडेटमध्येच घातक कोड घुसवला गेला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये फ्रीपीबीएक्सच्या एका त्रुटीचा फायदा घेऊन हल्ले झाले. ॲडमिन पॅनल थेट इंटरनेटवर उघडं होतं, अशा सिस्टिम त्यात सापडल्या.

म्हणून फुकट की विकत, यापेक्षा मोठा प्रश्न आहे: अपडेट आलं की ते टाकणार कोण?

घेण्याआधी एवढं करून बघा

बहुतेक सॉफ्टवेअर आधी वापरून बघता येतात. जो रोज सांभाळणार आहे, त्यालाच बसवा आणि ही पाच कामं कोणाच्या मदतीशिवाय करायला सांगा:

१. नवीन माणसासाठी एक्स्टेन्शन उघडणं.
२. दिवाळीच्या सुट्टीचा निरोप लावणं आणि काढणं.
३. कालचे मिस्ड कॉल शोधणं.
४. परदेशी कॉल पूर्ण बंद करणं, किंवा एकाच एक्स्टेन्शनला चालू ठेवणं.
५. बॅकअप घेऊन तो दुसऱ्या मशीनवर चढवणं.

चार जमली आणि पाचवं अडलं, तर वर्षभराच्या सपोर्टचा खर्च हिशोबात धरा. पाचही अडली, तर सर्व्हर स्वतः ठेवू नका. क्लाउडवरची तयार सेवा घ्या, दरमहा पैसे द्या आणि निवांत राहा.

सोबत या गोष्टी विसरू नका

बाहेरची लाइन, म्हणजे सिप ट्रंक, परवानाधारक टेलिकॉम कंपनीकडूनच घ्या. गरज नसेल तर आयएसडी त्यांच्याकडूनही बंद करून घ्या. ॲडमिन पॅनल फक्त ऑफिसच्या नेटवर्कवरून किंवा व्हीपीएनमधूनच उघडेल असं ठेवा. राउटर, स्विच आणि सर्व्हरला यूपीएस लावा, कारण लाइट गेली की हे फोनही बंद पडतात.

आणि शेवटचं. सिस्टिम बसवणारा माणूस कितीही ओळखीचा असला, तरी ॲडमिनचा पासवर्ड आणि ताजा बॅकअप मालकाकडे असायलाच हवा. तो माणूस उद्या गाव सोडून गेला, तरी तुमचा फोन वाजत राहिला पाहिजे.