नकोसा सेनापती

भाचा रात्र रात्र जागून युरोपातलं फुटबॉल बघतो. (सकाळी ऑफिसात डोळे कसे उघडे ठेवतो ते त्याचं त्याला ठाऊक.) परवा फोनवर स्वारी वैतागलेली होती. त्याच्या लाडक्या क्लबचा कोच म्हणे खेळाडूंना नको, प्रेक्षकांना नको, पेपरवाल्यांना तर नकोच नको. पण वर बसलेला जनरल मॅनेजर ठाम आहे, राहील तर हाच राहील. "मामा, असं का करतात हे लोक?"

आता फुटबॉलमधलं मला काय कळतंय! क्रिकेटमधलं चंद्रकांत पंडितांचं उदाहरण तेवढं आठवलं. कडक शिस्तीबद्दल प्रसिद्ध माणूस. त्यांच्या हाताखाली खेळाडू वैतागतात अशी ख्याती. २०१६-१७ च्या मोसमात मुंबई रणजीची फायनल हरली आणि मुंबईने त्यांना निरोप दिला. विदर्भाने मात्र बोलावून घेतलं, आणि विदर्भ २०१७-१८ आणि २०१८-१९ असा लागोपाठ दोनदा रणजी जिंकला. पुढे २०२२ मध्ये मध्य प्रदेशने फायनलमध्ये हरवलं ते नेमकं मुंबईलाच, आणि मध्य प्रदेशचे कोच कोण, तर पंडित. एवढं सांगून मी फोन ठेवला. पण मी पडलो नगरचा (आता कागदोपत्री अहिल्यानगर, पण तोंडात बसलंय ते नगरच), त्यामुळे रात्री डोक्यात आला तो वेगळाच माणूस. आपल्या किल्ल्यावर चालून आलेला.

शाळेत हिंदीच्या पुस्तकात रहीमचे दोहे सगळ्यांनीच घोकलेत. तो रहीम म्हणजे अब्दुर्रहीम खानखानान. बैरामखानाचा मुलगा, जन्म १५५६ चा. बाप गुजरातेत पाटणला मारला गेला तेव्हा हा जेमतेम चार वर्षांचा, मग अकबराच्या दरबारातच वाढला. गुजरात जिंकली, सिंध जिंकला, बाबराच्या आठवणींचं तुर्कीतून फारसीत भाषांतर केलं. दोह्यांतून तो आपल्याला नम्र, सोशिक म्हातारबाबा वाटतो. पण उमेदीची कितीतरी वर्षं हा माणूस दख्खनेत मोगली फौजांचा सेनापती होता, आणि त्या फौजांमध्ये त्याच्याबद्दल चांगलं बोलणारा सापडणं अवघड होतं. मुख्य तक्रार एकच: हा आतून दख्खनींना मिळालेला आहे.

हे सुरू झालं नगरच्याच वेढ्यापासून. १५९५ च्या डिसेंबरात अकबराचा मुलगा शाहजादा मुराद आणि खानखानान नगरला येऊन धडकले. शहरातल्या लोकांना अभय दिलेलं असतानाही शाहबाझखानाच्या माणसांनी लूट केली, आणि लोकांचा मोगली शब्दावरचा विश्वास पहिल्याच फटक्यात उडाला. मुराद आणि खानखानान यांचं तर एका गोष्टीवर एकमत होईना. श्रेय आपल्याकडे यावं म्हणून मुरादच्या गोटाने सुरुंगांच्या कामात खानखानानाला लांबच ठेवलं. काही सुरुंग आतल्यांनी शोधून निकामी केले, एक उडाला, तटाला मोठं खिंडार पडलं, आणि चांदबीबीने ते रातोरात बुजवून घेतलं. ही गोष्ट नगरच्या प्रत्येक पोराला पाठ असते. बाहेर उभ्या असलेल्या सैन्यात त्या रात्री कोण कोणाशी बोलत नव्हतं, हे मात्र कोणी सांगत नाही! शेवटी वऱ्हाड घेऊन मोगलांनी तह केला.

पुढच्याच वर्षी, १५९७ मध्ये, गोदावरीकाठी विजापूरच्या सुहेलखानाला खानखानानाने हरवलं. तरीही मुरादच्या तक्रारी थांबल्या नाहीत, आणि अकबराने खानखानानाला परत बोलावलं. शाहजाद्यापुढे सेनापतीचं काय चालणार? १५९९ मध्ये दारूच्या पायी मुराद मेला. मग अकबराने दुसरा मुलगा दानियाल याला दख्खनेत पाठवलं, आणि त्याच्याबरोबर कोणाला? पुन्हा खानखानानालाच. एवढंच नाही, त्याची मुलगी जाना बेगम दानियालला दिलेली. म्हणजे या खेपेला शाहजादा आणि सेनापती यांचं पटावं अशी तजवीज अकबराने लग्नातच करून ठेवली होती. ऑगस्ट १६०० मध्ये किल्ला पडला.

किल्ला पडण्याआधी आत काय झालं होतं ते इथे सांगायलाच हवं. चांदबीबीला दिसत होतं की आता तग धरता येणार नाही. बाहेरच्यांशी बोलणी करून किल्ला द्यावा आणि लहान सुलतानाला वाचवावं, असं तिचं मत पडलं. ही मोगलांना फितूर झाली अशी आवई उठली आणि तिच्याच माणसांनी तिला मारलं. शत्रूशी बोलते हा तिचा गुन्हा. तटाच्या बाहेर उभ्या असलेल्या माणसावर आयुष्यभर हाच आरोप होत राहिला, आणि त्याला मात्र पुन्हा पुन्हा कामावर पाठवलं गेलं. फरक कशात होता? मला वाटतं, त्याच्या वर कोणीतरी बसलेलं होतं. चांदबीबीच्या वर कोणी नव्हतं. तिच्या बाजूने 'राहील तर हीच राहील' असं म्हणणारा माणूसच निजामशाहीत उरला नव्हता.

असो. खरी गंमत पुढे जहांगीरच्या काळात आहे.

किल्ला गेला तरी निजामशाही संपली नाही, कारण मलिक अंबर. या हबशी सरदाराने नवा सुलतान उभा केला, मराठे बारगीर हाताशी धरले आणि मोगलांना सळो की पळो करून सोडलं. १६०८ मध्ये खानखानान आग्र्याला गेला. जहांगीरने आपल्या आठवणींत त्या भेटीचं वर्णन केलंय: आनंदाच्या भरात आपण पायांनी आलो की डोक्यावर, हेच त्याला कळत नव्हतं म्हणे. खानखानान कधीकाळी जहांगीरचा अतालिक, म्हणजे पालक-शिक्षक, होता. त्याने सांगितलं, बारा हजार जादा स्वार आणि दहा लाख रुपये द्या, दोन वर्षांत दख्खनचं काम संपवतो. (दोन वर्षांची मुदत ध्यानात ठेवा, ती पुन्हा येणार आहे.)

त्या मुदतीत काय झालं? १६१० च्या ऐन पावसाळ्यात शाहजादा परवीझचं सैन्य घेऊन खानखानान बालाघाटावर चढला. आपल्याकडच्या काळ्या जमिनीत जुलै-ऑगस्टला बैलगाडी रुतते, तिथे हा तोफा आणि हजारो घोडी घेऊन निघाला होता. सरदारांची आपसात भांडणं, धान्य संपलेलं, घोडी मरायला लागलेली, आणि अंबरचे स्वार रसद तोडताहेत. शेवटी कसाबसा तह करून सगळे बऱ्हाणपूरला परतले. हे ऐकून नगरच्या किल्ल्यातल्या मोगली शिबंदीचा धीर सुटला आणि किल्लेदार ख्वाजा बेग मिर्झाने किल्ला अंबरच्या लोकांना देऊन टाकला. दहा वर्षांपूर्वी एवढ्या रक्तपाताने घेतलेलं नगर असं गेलं. त्या पावसात ज्या शिपायाने आपलं घोडं मरताना पाहिलं, त्याने खानखानानाला शिव्या घातल्या असतील तर मी त्याला दोष देणार नाही.

मग खानजहान लोदीचं पत्र जहांगीरकडे गेलं. हे सगळं खानखानानाच्या दुटप्पीपणामुळे झालंय. एक तर सगळा कारभार त्याच्यावर सोपवा, नाहीतर त्याला बोलावून घ्या आणि मला तीस हजार स्वार द्या. दोन वर्षांत गेलेला मुलूख तर परत घेतोच, वर विजापूरही घेतो. (आली की नाही पुन्हा दोन वर्षं?) जहांगीरने ऐकलं. महाबतखानाला पाठवून खानखानानाला परत आणवलं आणि काल्पी-कनौजकडे बंडखोरांच्या बंदोबस्ताला लावून दिलं. दख्खन जिंकायला निघालेल्या माणसाला आता जिल्ह्याची फौजदारी.

आता मैदान तक्रारवाल्यांचं होतं. बेत चांगला आखलेला होता: वऱ्हाडाकडून खानजहान आणि राजा मानसिंग, गुजरातेकडून नाशिक-त्र्यंबकच्या वाटेने अब्दुल्लाखान, आणि दोन्हीकडून अंबरला मध्ये पकडायचं. पण अब्दुल्लाखानाला विजय एकट्याचा हवा होता. तो दुसऱ्या फौजेची वाट न पाहता पुढे घुसला. अंबरने समोरासमोर लढाई दिलीच नाही, रात्रंदिवस नुसतं टोचत राहिला. अब्दुल्लाखान बागलाणातून गुजरातेत पळाला, आणि ते ऐकून वऱ्हाडची फौज अंबरला न बघताच माघारी फिरली.

ही बातमी पोचल्यावर स्वतःच दख्खनेत जावं असं जहांगीरच्या मनात आलं. तेव्हा ख्वाजा अबुल हसनने मत दिलं की त्या मुलखाचं काम खानखानानाएवढं कोणालाच कळत नाही, त्यालाच पाठवावं. दुसऱ्यांचंही तेच मत पडलं. आणि १६१२ मध्ये, फितूर म्हणून बोलावून घेतलेला माणूस पुन्हा दख्खनकडे निघाला.

त्याच्यावरचा आरोप जहांगीर विसरला होता असं मला वाटत नाही. त्याच्या लिखाणात खानखानानाबद्दलचा संशय मधूनमधून डोकावतोच. आरोप खोटा ठरला म्हणून नव्हे, तर आरोपाच्या पोटात जे होतं तेच कामाचं आहे हे कळलं म्हणून त्याने त्याला पाठवलं असावं. खानखानानाचे दख्खनी सरदारांशी संबंध होते, हे खरंच होतं. १६०२ मध्ये नांदेडजवळ त्याच्या मुलाने अंबरला हरवून जखमी केलं, त्यानंतर त्याने अंबरशी तह करून हद्दी ठरवून घेतल्या होत्या. कोण कोणावर रुसलाय, कोणाच्या जहागिरीचा तंटा आहे, कोण किती पैशात फिरेल, हे त्याला ठाऊक होतं. खानजहानला आणि अब्दुल्लाखानाला दख्खनेत फक्त शत्रू दिसत होता, यांना त्या शत्रूच्या घरातल्या कुरबुरी माहीत होत्या. आणि अशा ओळखी तळावर बसून दिसतात कशा? रात्री कोणीतरी मराठा सरदाराचा माणूस येतो, बोलतो, थैली घेऊन जातो. बघणाऱ्याला ती फितुरीच वाटणार!

फळ दिसलं १६१६ च्या सुरुवातीला. अंबरवर नाराज झालेले सरदार वऱ्हाडात बाळापूरला खानखानानाचा मुलगा शाहनवाझखान याच्याकडे येऊन मिळाले. त्यांत याकूतखान होता, आदमखान होता, आणि जादूराय होता. हा जादूराय म्हणजे सिंदखेडचे लखुजी जाधव, जिजाबाईंचे वडील. मग जालन्याजवळ रोषणगावला शाहनवाझखानाने अंबरचा पराभव केला, आणि त्याच्या नव्या खडकी शहराची (आजचं छत्रपती संभाजीनगर) जाळून राख केली. हा भाग वाचताना मला नेहमी थांबायला होतं. सेनापती कर्तबगार निघाला की त्याची किंमत कोणीतरी मोजतच असतं, आणि ते बहुधा घरंदारं जळालेले लोक असतात.

१६१७ मध्ये शाहजादा खुर्रम मोठी फौज घेऊन बऱ्हाणपूरला आला, तह झाला, नगरच्या किल्ल्याच्या किल्ल्या मोगलांकडे परत आल्या. खुर्रमला शाहजहान हा किताब मिळाला. आधीची चार वर्षं ज्याने जमीन नांगरली त्याचं नाव तळटीपेत.

आणखी एक तर्क, तो माझा स्वतःचा आहे, पटला तर घ्या. लोकप्रिय सेनापती हा बादशहाला परवडत नाही. ज्याच्यामागे सगळे अमीर एकदिलाने उभे राहतील तो उद्या तख्ताकडेही बघू शकतो. ज्याच्याबद्दल रोज चार तक्रारींची पत्रं आग्र्याला येतात, त्याला आधार फक्त बादशहाचा. शिवाय प्रत्येक पत्राबरोबर तळावरची खबरही फुकट मिळते. १६१५ मध्ये इंग्रज वकील थॉमस रो बऱ्हाणपूरला गेला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की मान परवीझला आहे, कारभार खानखानानाचा. म्हणजे यश आलं तर ते शाहजाद्याचं, अपयश आलं तर दोष द्यायला हा आहेच. भाच्याच्या जनरल मॅनेजरचाही असाच काही हिशेब असेल का? असेलही.

पण या हिशेबाला तळ आहे. १६२० मध्ये अंबर पुन्हा उठला आणि खानखानान बऱ्हाणपुरात कोंडला गेला. दोन वर्षांनी शाहजहानने बापाविरुद्ध बंड केलं तेव्हा हा त्याच्या बाजूला गेला, आणि जहांगीरने चिडून लिहिलं की सत्तरीत या माणसाने तोंड काळं केलं. त्या बंडाच्या धामधुमीत त्याचा मुलगा दाराब याचं डोकं उडवलं गेलं. महाबतखानाने ते बापाकडे पाठवलं, असं सांगतात. ज्या महाबतखानाने १६१० मध्ये त्याला दख्खनेतून उचलून आणलं होतं, तोच हा.

आणि तरीही जहांगीरने त्याला माफ केलं, किताब परत दिला. १६२६ मध्ये महाबतखानानेच बंड करून बादशहाला ताब्यात घेतलं. तो पळाल्यावर प्रश्न आला की त्याच्या मागावर कोणाला पाठवायचं. सत्तरीच्या पुढच्या खानखानानाने आपलं नाव पुढे केलं आणि जहांगीरने होकार दिला. तयारी चालू असतानाच तो आजारी पडला आणि १६२७ मध्ये दिल्लीत वारला. बायकोसाठी बांधलेल्या कबरीतच त्याला पुरलं. निजामुद्दीनच्या जवळ आहे ती, २०२० मध्ये तिची डागडुजी होऊन ती पुन्हा खुली झाली. दिल्लीला कोणी गेलंच तर बघून या, आणि एखादा फोटो मला पाठवा.