वेशीबाहेरचे भिक्खू : कोरियातील एक प्रकरण

‘वेशीबाहेर’ या शब्दाचा अर्थ आपल्या वाचकांस समजावून सांगावयास नको. कोरियात ही वेस बौद्ध भिक्खूंसाठी बंद होती. १३९२ मध्ये सत्तेवर आलेल्या जोसन राजवंशाने चीनच्या सम्राटाचे मांडलिकत्व मान्य केले आणि चू शी या चिनी आचार्याच्या कन्फ्यूशियन मताला राजाश्रय दिला. या व्यवस्थेत भिक्खूची गणना खाटिकांबरोबर हीन मानलेल्या वर्गात होऊ लागली. राजधानी हानयांग, म्हणजे आजचे सोल, येथे त्यास प्रवेशबंदी झाली.

त्याचे श्रम मात्र राज्याला चालत असत. विहारांकडून कागद तयार करून घेतला जाई. १५९२ च्या जपानी आक्रमणात बहात्तर वर्षांच्या ह्युजोंग स्थविरांनी भिक्खूंची सेना उभारली. राजधानीच्या रक्षणासाठी असलेला नामहानसानसोंगचा किल्ला १६२४ पासून भिक्खूंनीच बांधला व राखला. तट बांधणाऱ्यास शहराचे दार मात्र बंद!

ही बंदी १८९५ मध्ये उठली, तीही परक्याच्या शब्दावर. चीनचा पराभव करून जपान कोरियात वरचढ झाला होता. निचिरेन पंथाचा जपानी पुरोहित सानो झेनरेई याने पंतप्रधान किम होंग-जिप यांजकडे अर्ज केला आणि तो मान्य झाला. काही कोरियन भिक्खूंनी त्याचे आभारही मानले. त्यांना दोष देणे आपणास शोभणार नाही. दार बंद असण्याचे दुःख ज्याने भोगले, त्याला ते कोणी उघडले हा प्रश्न पुढे सुचतो.

तो प्रश्न लवकरच सुचला. १९१० मध्ये जपानने देश गिळंकृत केला आणि १९११ च्या विहार-अध्यादेशाने सर्व विहार तीस मुख्य विहारांखाली आणले. मुख्य विहारांच्या प्रमुखांची नेमणूक आणि मालमत्तेची विक्री यांना गव्हर्नर-जनरलची संमती आवश्यक ठरली.

सर्वांत खोल बदल भिक्खूच्या घरगुती जीवनात झाला. जपानमध्ये पुरोहित विवाह करीत. ती प्रथा कोरियात पसरली. परंतु सर्व दोष जपानवर टाकता येत नाही. कवी व सुधारक भिक्खू हान योंग-उन यांनी १९१० मध्ये स्वतःच विवाहाच्या परवानगीसाठी अर्ज केले होते, आणि हेच हान १९१९ च्या स्वातंत्र्य-घोषणेवर सही करून तुरुंगात गेले. त्या तेहतीस सह्यांत दुसरे बौद्ध होते बेक योंग-सोंग. त्यांनी १९२६ मध्ये १२७ भिक्खूंच्या सह्यांनिशी विवाहित भिक्खूंविरुद्ध सरकारकडे निवेदन दिले. सरकारने त्याच वर्षी विवाहितांना विहारप्रमुख होण्याची वाट मोकळी केली.

१९४५ मध्ये जपानी सत्ता गेली, तेव्हा बहुसंख्य भिक्खू संसारी होते. १९५४ मध्ये राष्ट्राध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी त्यांना विहारांतून बाहेर काढण्याची भूमिका जाहीर केली. मग विहारांच्या ताब्यासाठी हाणामाऱ्या झाल्या, खटले वर्षानुवर्षे चालले. विवाहितांनी अखेर १९७० मध्ये थेगो हा वेगळा संघ स्थापन केला. सोलमधील बोंगवोनसा विहार आजही त्यांचाच आहे.